शेवटच्या रिळातली नजर

१

डबे आठ होते. पत्र्याचे, गोल, झाकणांवर पांढऱ्या रंगात एक ते आठ आकडे. सात डब्यांत फिल्म होती. आठव्यात, खिडकीचा पडदा उडू नये म्हणून त्याच्या काठाला आतून शिवतात तसली जाड सुती पट्टी होती, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी घट्ट गुंडाळलेली. पट्टीच्या वेटोळ्यांत शिशाच्या चपट्या चकत्या खोचल्या होत्या. चकत्या चौदा. आठवा डबा सातव्यापेक्षा जेमतेम वाटीभर पाण्याइतकाच हलका भरला.

तिनं डब्याला नाक लावलं. जुनी फिल्म सडायला लागली की व्हिनेगरसारखा आंबट वास सोडते. सात डब्यांतून तो भपकन आला होता. आठव्यातही होता, पण पुसट, एखादा माणूस खोलीतून नुकताच उठून गेल्यावर त्याच्या विडीचा राहावा तसा. म्हणजे रीळ इथं होतं आणि ते जाऊन फार वेळ झालेला नव्हता.

जुने चित्रपट जतन करणाऱ्या या संस्थेत ती रसायनशास्त्राची पदवी घेऊन आली होती. पहिल्याच आठवड्यात तिनं साहेबांचं टेबल एका बाजूला कललेलं असल्याचं मोजून दाखवलं, तेव्हापासून सगळे तिला फूटपट्टी म्हणत. साहेबांनी टेबल तसंच ठेवलं होतं. आज ते तिच्या टेबलाशी आले, डब्यात वाकून पाहिलं आणि स्टूल ओढून खाली बसले.

चित्रपट बाईंचा होता. एके काळी दोन पिढ्या त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत आणि कोणती बाई असं कुणी विचारत नसे. त्यात त्या टेलिफोन जोडून देणारी ऑपरेटर झाल्या होत्या. शेवटच्या रिळात तिच्या कानावरच्या यंत्रातून दुसऱ्याच कुणाला सांगितली जाणारी बातमी तिला ऐकू येते, की तिच्या नवऱ्याचं जहाज बुडालं. तिला बोलायची मुभा नसते. ती नुसती समोर बघत राहते. त्या नजरेवर लोकांनी लेखच्या लेख लिहिले होते. दुसरी प्रत प्रयोगशाळेच्या आगीत गेली होती. उरली होती ती ही, बाईंच्या घरातली.

ती देताना बाईंनी एकच अट घातली होती. त्यांची नजर जात चालली होती, डॉक्टरांनी फार तर महिना सांगितला होता. त्याआधी त्यांना हा चित्रपट मोठ्या पडद्यावर बघायचा होता, शेवटच्या रिळासकट. खेळ शुक्रवारी ठरला होता.

“शुक्रवारी काय पडद्याची पट्टी दाखवायची त्यांना?” साहेब म्हणाले.

काल दुपारी बाईंच्या घरी जाऊन आठही डबे तिनं स्वतः उघडले होते आणि आठहीत फिल्म होती. सकाळी गाडी जाऊन डबे घेऊन आली. मधल्या वेळात त्या घरात बाईंखेरीज तीन माणसं होती: बाईंची धाकटी बहीण, चहाला आलेले त्यांचे जुने कॅमेरामन, आणि जुनी पोस्टरं विकत घेणारा एक व्यापारी. बोभाटा झाला तर बाईंच्या कानावर जाईल, म्हणून साहेबांनी पोलिसांचं नाव काढलं नाही.

“तू मोजून ठेवलेले डबे होते,” जाता जाता ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

२

बाईंच्या घरात दिवसाढवळ्या संध्याकाळ असायची. प्रत्येक खिडकीला जाड, जमिनीपर्यंतचे पडदे. उजेड बाईंना सोसत नसे. फूटपट्टी दुसऱ्या दिवशी तिथं गेली तेव्हा बाहेर वारा होता, खिडक्या उघड्या होत्या, पण बैठकीतले पडदे भिंतीसारखे उभे होते. तिनं एकाचा खालचा काठ चिमटीत धरून पाहिला. दुमडीत काहीतरी गोल, जड लागलं. हात लगेच मागे घेतला.

आपण चित्रपटाची जुनी माहिती लिहून घ्यायला आलो आहोत, असं तिनं सांगितलं. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. बोलताना त्या तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या, तिच्या डाव्या कानाच्या पलीकडे कुठंतरी बघत होत्या. आधी तिला वाटलं, मागे कुणी उभं आहे.

बाईंनी सगळं सांगितलं. चौदाव्या वर्षी गर्दीत उभं राहायला म्हणून स्टुडिओत गेल्या आणि आठवडाभरात पुढच्या रांगेत आल्या. तेव्हाचे दिवे म्हणजे जळते निखारे. पहिल्याच चित्रपटात डोळे असे भाजले की दोन दिवस थंड फडकी ठेवून पडून राहावं लागलं. त्यानंतर दिव्यासमोर डोळे उघडे राहीनात. म्हणून मग दिग्दर्शकानं त्यांना नजर खाली ठेवून बोलायला सांगितलं.

“आणि लोक म्हणाले, काय ती झुकती नजर, काय ती शालीनता,” बाई म्हणाल्या. “माझ्या डोळ्यांत पाणी यायचं ते दिव्यांमुळे. मला अभिनेत्री त्या विजेच्या खात्यानं केलं.”

धाकटी बहीण चहा घेऊन आली. बाई तिला चिमी म्हणत, फूटपट्टीनं मावशी म्हणायचं ठरवलं. त्या काळी स्टुडिओत दिवे लावून होईपर्यंत बाईंच्या जागी मावशी उभ्या राहत. उंची तीच, रंग तोच, चेहऱ्याची ठेवणही तीच. सगळं जमलं की मावशी बाजूला होत आणि बाई येत. बाईंचे डोळे वाचावेत म्हणून घरच्यांनीच काढलेली ही युक्ती.

“कधी कंटाळा नाही आला?” फूटपट्टीनं विचारलं.

“उभं राहायचं तर काम. झाडंसुद्धा करतात,” मावशी म्हणाल्या आणि कप पुढे केला.

चहा बिनदुधाचा होता. बाईंनी नाक मुरडलं. परवा रात्रीपासून आमचा फ्रिज आंबलाय, त्या म्हणाल्या, दुधाला वास लागतो म्हणून दूध वरच्या मजल्यावर शेजारणीकडे ठेवलंय. डोळ्यांत घालायचे थेंबही तिकडेच मुक्कामाला गेलेत. “आता मीच तेवढी खाली राहिले,” असं म्हणून त्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत. फ्रिजवाला यायचाय, एवढंच म्हणाल्या.

हात धुवायला म्हणून फूटपट्टी आत गेली. वाटेत मावशींच्या खोलीचं दार उघडं होतं. खिडकीतून वारा येत होता आणि साऱ्या घरात इथला एकच पडदा हलत होता. हलत कसला, तो टेबलापर्यंत उडून येत होता. खालची दुमड उसवलेली होती. दोऱ्याची टोकं अजून लोंबत होती.

३

तिनं घाई केली नाही. उसवलेला पडदा कुणाचा आहे ते कळलं, कुणी उसवला ते नाही. शिवाय मावशींनी का करावं? जिनं आयुष्यभर बहिणीच्या डोळ्यांची राखण केली, तिनंच तिच्या शेवटच्या बघण्यावर पाणी का फिरवावं?

पोस्टरांचा व्यापारी दुकानात शिडीवर चढलेला होता. त्यानं काही हातचं राखून ठेवलं नाही. हो, रीळ मागितलं होतं. बाई नाही म्हणाल्या. मग एक पोस्टर मागितलं, ते मिळालं, आणि तो बैठकीतूनच परत गेला. दारापर्यंत पोचवायला मावशी आल्या होत्या.

“ताई, मी चोरी करीन तर पोस्टराची करीन,” तो वरूनच म्हणाला. “रिळाला मशीन लागतं, भिंत लागते, अंधार लागतो. पोस्टराला एक खिळा पुरतो.”

कॅमेरामन काका गच्चीत टोपी घालून ऊन खात होते. चित्रपटाचं नाव काढताच खुलले. लेन्स कोणती, दिवा कुठं, धूर किती, सगळं तोंडपाठ. शेवटच्या नजरेपाशी आल्यावर त्यांचा आवाज हळू झाला.

“सतरा सेकंद,” ते म्हणाले. “सतरा सेकंद पापणी लवलेली नाही. जगात कुणी केलं नसेल तेव्हा.”

फूटपट्टीनं विचारलं, ते बाईंना कसं जमलं? दिव्यासमोर डोळे उघडे राहत नव्हते ना?

काकांनी टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. त्या दिवशी बाईंना ताप होता, ते म्हणाले. पुष्कळदा प्रयत्न केला. मग संध्याकाळ झाली. यापुढं त्यांना नेमकं काही आठवेना. ज्या माणसाला लेन्सचा आकडा आठवत होता, त्याला संध्याकाळनंतरचं आठवत नव्हतं.

“पोरी, काही गोष्टी दिव्याच्या मागं असतात, त्या तिथंच बऱ्या,” ते म्हणाले आणि ऊन फार झालं म्हणून आत गेले.

४

ती संस्थेत परतली, पहिल्या रिळाचा डबा उघडला आणि फिल्म बघायच्या टेबलावर लावली. हे टेबल म्हणजे खाली दिवा असलेली काच. हातानं चक्र फिरवायचं आणि एकेक चौकट बघत पुढं जायचं. तिला कथेशी देणंघेणं नव्हतं. ती फक्त पापणी बघत होती.

बाईंचा चेहरा जवळून दिसेल तिथं ती थांबे. डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंतच्या चौकटी मोजे. सेकंदाला चोवीस. सातही रिळं झाली तेव्हा मान अवघडली होती. बाईंनी सगळ्यात जास्त वेळ डोळे उघडे ठेवले होते ते सव्वातीन सेकंद, आणि त्याही वेळी खालची पापणी थरथरत होती. बाकी सगळीकडे त्याआधीच नजर खाली.

सव्वातीन आणि सतरा.

आकडे असे शेजारी शेजारी मांडल्यावर तिला मावशींचं बोलणं आठवलं. उभं राहायचं तर काम. रोज तासन्‌तास, त्याच दिव्यांसमोर, छायालेखक सांगेल तिकडं बघत, हलायचं नाही. दिवे लावताना कॅमेरामन कधीमधी कॅमेरा चालवून बघतोच, उजेड कसा पडतो ते तपासायला. बाईंच्या सगळ्या प्रयत्नांत पापणी लवलेली, आणि त्याच दिवशीच्या तपासणीच्या एका तुकड्यात, तोच पोशाख, तीच ठेवण, आणि मावशींची न लवलेली पापणी. संकलन करताना दिग्दर्शकाच्या हाताला तो तुकडा लागला असणार.

जुन्या घासलेल्या प्रतीत, गर्दीच्या थेटरात, लांबून, कुणाला कळणार? पण फूटपट्टीनंच सोमवारी, डबे बघायला गेली तेव्हा, बाईंच्या बैठकीत अभिमानानं सांगितलं होतं, की आता फिल्म धुऊन-पुसून लख्ख करणार, चेहऱ्यावरचा तीळसुद्धा दिसेल. आणखीही एक सांगितलं होतं तिनं. या फिल्मचा एकच वैरी, उष्णता. थंड जागी ठेवा.

तिनं टेबलाचा दिवा मालवला. आंबलेला फ्रिज, असं तिच्या मनात आलं, आणि तो आंबट वास दुधाचा नव्हता, फिल्मचा होता.

५

दुसऱ्या दिवशी बाई दुपारच्या झोपेत असताना ती गेली. मावशींनी दार उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि काही न विचारता स्वयंपाकघरात नेलं.

रीळ भाजीच्या खणात होतं. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, वरून टॉवेल. मावशींनी ते टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडायला हात घातला. फूटपट्टीनं त्यांचा हात धरला. गार वस्तू एकदम उघडली तर दव धरतं, ओल फिल्मला लागली की संपलं. तिला आधी खोलीच्या हवेला येऊ द्यायचं. संध्याकाळ होईल.

मग दोघी बसून राहिल्या. मध्ये पिशवी, पिशवीवर बारीक थेंब. तेवढ्या वेळात मावशी बोलल्या.

काढून घेतलं ते पाहुणे गेल्यावर. जाळता आलं असतं, पण हात धजला नाही. शुक्रवार टळला, ताईची नजर गेली, की सापडलं म्हणून आणून देणार होत्या. त्या तुकड्याचं त्यांनाही आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या खेळाला पडद्यावर स्वतःचा चेहरा आला तेव्हाच कळलं. मग बक्षीस मिळालं, मोठी कामं आली, घर उभं राहिलं. त्या एका नजरेवर सगळं.

“लोक म्हणतात, ताईचा तो सगळ्यात मोठा क्षण,” मावशी म्हणाल्या. “आणि तिनं शेवटचं काय बघायचं? की त्या क्षणाला ती तिथं नव्हतीच?”

फूटपट्टीला मोजण्यासारखं काही समोर नव्हतं.

“चिमे, कुणाशी बोलतेयस?”

बाई भिंतीला हात लावत दारात आल्या होत्या. मावशी उठल्या, पिशवीवर टॉवेल टाकायला गेल्या, पण बाई तोवर टेबलाशी पोचल्या होत्या. त्यांनी पिशवीवर तळवा ठेवला. गार, गोल. बराच वेळ हात तिथंच राहिला.

“शेवटचं ना?” त्यांनी विचारलं.

बाई खुर्ची चाचपून बसल्या.

“मी पहिल्या खेळालाच ओळखलं,” त्या म्हणाल्या. “एका पांघरुणात वाढलो आपण. तुझा चेहरा मला ओळखू येणार नाही? सगळे पडद्याकडे बघून रडत होते. मी शेजारी बघितलं, तर तू पडद्याकडे बघतच नव्हतीस. माझ्याकडे बघत होतीस. तेव्हा कळलं, तुलाही माहीत आहे.”

“मग बोलली का नाहीस?”

“टाळ्या वाजत होत्या ना. आधी लाज वाटली, मग लाजेची सवय झाली. आणि वाटायचं, तू कधीतरी बोलशील. एकदा भांडणात तरी.”

“मी तू बोलशील म्हणून थांबले होते,” मावशी म्हणाल्या.

“बघ. दोघी एकाच आईच्या.”

फूटपट्टीनं तेव्हा विचारलं. विचारू नये असं वाटत असतानाही विचारलं, कारण हिशोबात तेवढी एकच गोष्ट बसत नव्हती. सगळं ठाऊक असताना बाईंना ते रीळ कशासाठी बघायचं होतं?

बाईंनी अंगठा उभा करून समोर धरला, बहिणीच्या चेहऱ्याच्या रोखानं.

“माझ्या नजरेच्या मधोमध एवढा डाग आहे. कडेचं दिसतं. तुझा कान दिसतोय, मुली. खिडकी दिसतेय. पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. वर्ष झालं, चिमीकडे बघितलं की चेहऱ्याच्या जागी डाग. केस दिसतात, खांदे दिसतात, ही दिसत नाही.” अंगठा खाली आला. “पडद्यावर हिचा चेहरा दोन पुरुष उंच असेल. माझ्या डागापेक्षा मोठा. म्हणून मोठा पडदा मागितला. मला मी नव्हते बघायची.”

मावशींनी टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“आधी सांगायचंस,” त्या म्हणाल्या. “माझा पडदा उसवला नसता.”

६

रीळ संध्याकाळी उघडलं. फूटपट्टीनं ते मोजलं. जुनी फिल्म आटते, आणि फार आटली तर मशीनच्या दात्यांत फाटते. ही शेकड्याला पाऊण भागापेक्षा कमी आटली होती. एकदा चालवता येणार होती. साहेबांनी आकडा दोनदा विचारला आणि रीळ कुठं सापडलं ते विचारलं नाही. तिनं सांगितलं, डब्यांची अदलाबदल झाली होती. ते तिच्या तोंडचं पहिलं अंदाजपंचे विधान होतं आणि साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं.

शुक्रवारी छोट्या थेटरात दहा-बारा माणसं होती. काका मागच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. बाई पहिल्या रांगेत, उजवीकडून दुसऱ्या खुर्चीत, शेजारी मावशी. बाईंना मागं बसवायला साहेब गेले, तर त्या म्हणाल्या, “मागं बसायला मी काय तिकीट काढून आलेय?”

फूटपट्टी पडद्याच्या कडेला भिंतीशी उभी राहिली. चित्र स्पष्ट येतंय का ते तिथून कळतं आणि पडद्याचा उजेड समोरच्यांच्या चेहऱ्यावर पडतो तोही दिसतो. तिच्या एका हातात सेकंद मोजायचं घड्याळ होतं. दुसऱ्या हातात दुसरं.

सात रिळं झाली. आठव्यात टेलिफोनची खोली आली, तारा, दिवे, कानावरचं यंत्र. मग पडदाभर चेहरा. मावशींनी मान खाली घातली. बाईंनी न बघताच त्यांच्या हनुवटीखाली बोट लावून ती वर केली.

फूटपट्टीनं दोन्ही घड्याळं एकदम सुरू केली.

त्या रात्री तिनं अहवालात दोन ओळी लिहिल्या.

पडद्यावर: सतरा सेकंद, पापणी लवली नाही.

पहिल्या रांगेत, उजवीकडून दुसरी खुर्ची: सतरा सेकंद, पापणी लवली नाही.